सनद, सरंजाम आणि सार्वभौमत्व

सार्वभौमत्व हा शब्द हल्लीं वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून व सभांच्या व्यासपीठांवरून इतक्या वेळां कानीं पडतो कीं, त्याचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे असें समजून चालण्याचा प्रघात पडला आहे. सीमेवर कांहीं घडलें कीं तो उच्चारला जातो. परक्या देशांतील कोणी आमच्या कारभाराविषयीं प्रश्न विचारला कीं तो उच्चारला जातो. आणि एकदां उच्चारला म्हणजे पुढील वादास जागाच उरली नाहीं असें मानण्यांत येतें. जी ढाल इतक्या वेळां पुढें करण्यांत येते, ती कोणीं घडविली, आजवर ती कोणाच्या हातीं होती आणि तिच्या आड नेमकें कोण उभें आहे, हें पाहण्याचा अधिकार नागरिकांस असलाच पाहिजे.

या विचारास आरंभ कोणत्याही जाड ग्रंथापासून न करितां आम्ही तो दमणच्या पूर्वेस, दमणगंगेच्या खोऱ्यांत वसलेल्या सत्तर-बहात्तर खेड्यांपासून करूं इच्छितों. दादरा आणि नगर हवेली या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखांत मुख्यत्वें वारली, कोकणा, धोडिया इत्यादि आदिवासी लोकांची वस्ती. जंगल दाट, शेती पावसावरची. अशा या आडबाजूच्या खेड्यांवर सार्वभौम सत्ता कोणाची, हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला, आणि त्याचा निकाल लावण्यासाठीं युरोप, अमेरिका व आशिया येथील न्यायाधीशांस सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतील मराठी सनदांतील शब्दांचा अर्थ लावीत बसावें लागलें. सार्वभौमत्वाची कल्पना काळागणिक कशी पालटत गेली, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

हकीकत थोडक्यांत अशी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत गोमंतकीय व महाराष्ट्रीय स्वयंसेवकांच्या निरनिराळ्या तुकड्यांनीं या दोन्ही तुकड्यांतील पोर्तुगीज अंमल उठवून लाविला. स्वयंसेवकांत सुप्रसिद्ध गायक व संगीतकार सुधीर फडके हेही होते. दमणहून फौज पाठवावी तर मध्यें भारताचा मुलूख, आणि भारत वाट देईना. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघांत दाखल झाला आणि अवघ्या आठ दिवसांनीं, २२ डिसेंबर रोजीं, त्यानें भारताविरुद्ध फिर्याद गुदरली. आपल्या मुलुखांत जाण्यायेण्याचा आपला जुना हक्क भारतानें मोडला, असें त्याचें म्हणणें. हा हक्क कोठून आला असें विचारतां पोर्तुगालनें पुण्याच्या दरबाराशीं १७७९ सालीं झालेला तह आणि त्या अन्वयें १७८३ व १७८५ सालीं दिलेल्या सनदा पुढें केल्या. पेशव्यांनीं हीं खेडीं आम्हांस सार्वभौम हक्कानें दिलीं, असा त्याचा दावा होता.

त्या वेळीं पुण्याच्या दरबारची स्थिति काय होती? इंग्रजांशीं युद्ध चालू होतें. पेशवे पांच वर्षांचें मूल. कारभार नाना फडणविसांच्या हातीं. अशा वेळीं किनाऱ्यावरच्या दुसऱ्या टोपीवाल्यास मित्र करून घ्यावें हें धोरण उघड होतें, आणि त्यापायीं दमणच्या बाजूस सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें लावून देण्याचें ठरलें. ‘उत्पन्न लावून देणें’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून योजले आहेत. न्यायालयानें १२ एप्रिल १९६० रोजीं दिलेल्या निकालांत हेंच सांगितलें. पेशव्यांनीं दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. मुलुखावरील स्वामित्व दिलें नाहीं. अशा सरंजामाचा अर्थ मुलूख कायमचा तोडून देणें असा कधीं झाल्याचें एकही उदाहरण पुढें आलें नाहीं. शिवाय सनदांत त्या गांवांतील दंगेधोपे मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांस मुद्दाम लिहून दिला होता. ते जर तेथील धनीच झाले असते, तर आपल्याच घरांतील दंगा मोडण्याची परवानगी त्यांस दुसऱ्यानें कशास द्यावी, असा न्यायालयाचा बिनतोड प्रश्न होता. भारताच्या बाजूनें न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ति महंमद करीम छागला हे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. सरंजाम, इनाम, वतन हे शब्द त्या हायकोर्टास नवे नव्हते; इतर न्यायाधीशांस ते शिकावे लागले.

शिकावे लागले, कारण या शब्दांमागें जें राज्यतंत्र होतें तें युरोपीय कल्पनेच्या सांच्यांत बसत नाहीं. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून शाहू महाराजांसाठीं तीन सनदा आणिल्या: स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची. चौथाई व सरदेशमुखी दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर. आतां पाहा. ज्या मुलुखांतून चौथाई वसूल व्हावयाची तो मुलूख बादशहाचा. त्याचा सुभेदार बादशहाचा. आणि वसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांचा. त्या चौथाईचेही पुन्हां वांटे. शेंकडा पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींचा, सहा टक्के साहोत्रा पंत सचिवांचा, तीन टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीतील माणसांचा, आणि उरलेला सहासष्ट टक्के मोकासा सरदारांचा. खालीं गांवांत पाटील-देशमुखांचीं वतनें वेगळींच. पेशवे सर्व हिंदुस्थानास धाक घालीत होते, पण वस्त्रें साताऱ्याच्या छत्रपतींकडून घेत होते; आणि ज्या बादशहाचें तख्त महादजी शिंद्यांच्या पलटणींवर उभें होतें, त्याच बादशहाच्या नांवें वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें १७९२ सालीं पुण्यास मोठ्या समारंभानें स्वीकारलीं गेलीं. या सर्वांत सार्वभौम कोण, असें जर कोणीं नाना फडणविसांस विचारलें असतें, तर त्यांनीं प्रश्नकर्त्याकडे नवलानेंच पाहिलें असतें. हक्क हा त्या काळीं एकाच तिजोरींत ठेवलेला ठेवा नव्हता. तो उभ्या पिकावरील वांट्यांसारखा अनेकांत विभागलेला होता.

या जुन्या व्यवस्थेचें गुणगान करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. वांटेकरी पुष्कळ होते, पण पीक ज्याचें त्यास वांट्याविषयीं विचारणारा कोणी नव्हता. बाबती कोणाची व मोकासा कोणाचा याचे हिशेब दप्तरांत पैअपैचे सांपडतात. कुणब्याची संमति घेतल्याचा कागद मात्र आम्हांस कोणीं दाखवावा. नगर हवेलीचीं गांवें पोर्तुगीजांस लावून दिलीं तेव्हां तेथील वारल्यांस कोणीं पुसलें नाहीं. तशी कोणाची कल्पनाही नव्हती. पूर्वजांच्या राज्यरीतीचें बारकाईनें ज्ञान करून घ्यावें; तिची आरती ओंवाळण्याचें कारण नाहीं.

आतां हा जो युरोपीय सांचा आम्ही म्हणतों, तो तरी काय होता? फ्रान्समध्यें सोळाव्या शतकांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट एकमेकांचे गळे कापीत होते. १५७२ सालीं पॅरिसमध्यें हजारों माणसें एका पर्वाच्या दिवसांत मारलीं गेलीं. त्या रक्तपातानंतर चारच वर्षांनीं, १५७६ सालीं, झां बोदां नामक कायदेपंडितानें असें प्रतिपादिलें कीं, राज्यांत एक सर्वोच्च, अखंड व कायमची सत्ता असल्याशिवाय शांतता नांदणें शक्य नाहीं. म्हणजे ही कल्पना मूळची औषध म्हणून निघाली. पुढें तीस वर्षांच्या युद्धानें जर्मन मुलूख बेचिराख झाल्यावर १६४८ सालीं वेस्टफालिया येथें तह झाले, आणि प्रत्येक राजा आपल्या राज्यांत पूर्ण धनी, बाहेरच्यानें आंत हात घालूं नये, या तत्त्वाचा जन्म तेथें झाला असें शाळांतून शिकवितात. हें शिकविणें फार ढोबळ आहे. त्या तहांनंतरही पवित्र रोमन साम्राज्य १८०६ पर्यंत उभें होतें आणि त्यांतील शेंकडों लहानमोठ्या संस्थानिकांचे हक्क साहोत्रा-मोकाशाइतकेच एकमेकांत गुंतलेले होते. एकसंध, अविभाज्य सार्वभौम राज्य ही वस्तु युरोपांतही हळूहळू, तोफांच्या व तिजोरीच्या बळावर तयार झाली. पंडितांनीं तिला नांव आधीं दिलें, अंग मागाहून भरलें.

१७८९ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीनें या कल्पनेस मोठें वळण दिलें. सत्ता सर्वोच्च खरी, पण ती राजाची नसून राष्ट्राची, असें तेथें जाहीर झालें. तीच अखंड सत्ता, धनी बदलला. मात्र हा बदल युरोपच्या उंबरठ्याबाहेर येतांना बहुधा विसरला जाई. राष्ट्राचें सार्वभौमत्व फ्रान्सपुरतें, अल्जीरियांत नव्हे. सार्वभौम राज्यांच्या पंक्तींत कोणास पाट मांडावयाचा हें यजमानच ठरवीत होते, आणि आशिया-आफ्रिकेंतील राज्यांस पंक्तीबाहेर ठेवण्यासाठीं ‘सुधारलेलीं’ व ‘न सुधारलेलीं’ असा सोंवळ्याओंवळ्याचा भेद कायद्याच्या पुस्तकांतच लिहून ठेविला होता. स्पृश्यास्पृश्यतेचा दोष आम्हां हिंदूंचा आहेच व तो आम्ही कधीं झांकीत नाहीं. पण राष्ट्राराष्ट्रांतील ही शिवाशीव विद्वानांनीं शास्त्र म्हणून शिकविली.

हा नवा चष्मा लावून इंग्रज १८१८ सालीं नगर हवेलीच्या शेजारीं आले, तेव्हां काय झालें तें पाहण्यासारखें आहे. त्यांस तेथें पोर्तुगीज अंमलदार पूर्ण अधिकार चालवितांना दिसले. मूळ कागद सरंजामाचा आहे, आपण पेशव्यांच्या जागीं आलों तेव्हां सरंजाम परत मागावा, असा विचार इंग्रजांनीं केला नाहीं. पोर्तुगीजांनींही आपण कोणाचे सरंजामदार आहों असें कधीं कबूल केलें नाहीं. शंभर-सवाशें वर्षें कोणीं हरकत घेतली नाहीं, आणि त्या मौनांतून सरंजामाचें सार्वभौमत्व झालें. हेगच्या न्यायालयानेंही हें मान्य केलें. पेशव्यांनीं सार्वभौमत्व दिलें नव्हतें. परंतु इंग्रजांनीं तें वागणुकीनें मान्य केलें व पुढें भारतानेंही न बोलतां चालूं दिलें, असा त्याचा अभिप्राय पडला. आमच्या जमाखर्चाच्या भाषेंत सांगावयाचें तर, वसुलाचा कुळंबा मालकीच्या खात्यावर चढला, तो कोणत्याही खरेदीखताशिवाय!

इंग्रजांचा हा चष्मा सर्वांस सारखा लागू नव्हता, हें मात्र साताऱ्यास विचारावें. १८१९ च्या तहानें प्रतापसिंह महाराजांस राज्य दिलें तें बाहेरच्यांशीं बोलणें न करण्याच्या अटीवर. वीस वर्षांनीं त्यांस गादीवरून काढलें तेव्हां आरोपांत एक आरोप गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं गुप्त संधान बांधल्याचा होता. जें करणें हें सार्वभौम राजाचें पहिलें लक्षण, तेंच येथें अपराध ठरलें. रंगो बापूजी गुप्ते यांनीं लंडनमध्यें कित्येक वर्षें धन्याची बाजू मांडिली; त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं, आणि १८४८ सालीं दत्तक नामंजूर करून डलहौसीनें तें राज्यच खालसा केलें. वऱ्हाडची तऱ्हा याहून चमत्कारिक. १८५३ सालीं तो प्रांत निजामाकडून इंग्रजांनीं फौजेच्या खर्चासाठीं लावून घेतला आणि १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें सालीना पंचवीस लाखांच्या खंडावर तो कायमचा पट्ट्यानें घेतला. राज्य नागपूरच्या सरकारचें, सार्वभौमत्व हैदराबादचें! निजामानें वऱ्हाड परत मागितला तेव्हां लॉर्ड रीडिंगनें २७ मार्च १९२६ च्या पत्रानें त्यांस कळविलें कीं, हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ सत्ता ब्रिटिश तख्ताची. कोणाही संस्थानिकानें तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं नये. तीन वर्षांनीं बटलर कमिटीनें अधिसत्तेची व्याख्या करण्याचें टाळलें व अधिसत्ता ही अधिसत्ताच राहिली पाहिजे असा निर्वाळा दिला. न्यायशास्त्राचा इतका सोपा धडा शाळकरी मुलासही पाठ व्हावा. या सर्व पत्रव्यवहारांत अकोला, अमरावतीच्या रयतेचें मत काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांस सुचला नाहीं. पुढें १९३६ सालीं करार होऊन निजामाच्या वडील चिरंजिवांस वऱ्हाडचे राजपुत्र ही पदवी मिळाली. वऱ्हाडी शेतकऱ्यास काय मिळालें तें त्यानेंच सांगावें.

अशा या काळांत औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपण होऊन सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बहात्तर गांवांचें तें चिमुकलें संस्थान. पण १९३९ सालीं तेथें जी राज्यघटना अमलांत आली तिची उभारणी गांवपंचायतींवर होती, आणि तिच्या घडणींत महात्मा गांधींचा हात होता. मोठ्या संस्थानिकांनीं हा वेडेपणा मानला. आठच वर्षांनीं त्यांच्यांतील कित्येकांवर अधिसत्ता संपतांच ‘आम्ही स्वतंत्र’ असें म्हणण्याची पाळी आली, तेव्हां त्यांच्या पाठीशीं प्रजा नव्हती.

निजामाची गोष्ट मराठी वाचकांस नव्यानें सांगणें नको. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे-थे करार झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील चळवळ तुरुंगांत कोंडली गेली. रझाकारांनीं मराठवाड्याचीं गांवें जाळलीं. आणि ऑगस्ट १९४८ मध्यें निजाम सरकारनें सुरक्षा समितीकडे सार्वभौम राज्य म्हणून गाऱ्हाणें नेलें. १३ सप्टेंबरास भारतीय फौज शिरली व पांच दिवसांच्या आंत प्रकरण संपलें. त्या मुलुखांतील बहुसंख्य लोकांस ज्याचें राज्य नको होतें, त्याच्या सार्वभौमत्वासाठीं रडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. पण येथेंच थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. भारत सरकारनेंच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्या कारवाईच्या वेळीं व नंतर सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसें मारलीं गेल्याचा अंदाज दिला, आणि ज्या चार जिल्ह्यांत अनर्थ सर्वांत मोठा झाला म्हणून तिनें नोंदविलें त्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. मेलेले बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक दशकें उजेडांत आला नाहीं. प्रजेच्या नांवानें आलेल्या सत्तेनें प्रजेपैकीं एका भागाचे प्राण कसे गेले हें प्रजेपासून झांकून ठेवणें, हें जुन्याच धन्याचें वर्तन झालें.

पोर्तुगालनें आपल्या परीनें नवी युक्ति काढिली होती. वसाहती ठेवणें जगांत लाजिरवाणें होऊं लागलें तेव्हां १९५१ सालीं त्यानें घटना दुरुस्त करून वसाहतींस ‘सागरापलीकडील प्रांत’ असें नांव दिलें. नांव पालटलें कीं गोवें म्हणजे लिस्बनचा एक महाल, आणि तेथें काय चालतें तो पोर्तुगालचा घरचा प्रश्न. हेगच्या न्यायालयानें या दाव्याचें अर्धें पदरांत घातलें व अर्धें काढून घेतलें. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व माल यांस नगर हवेलीपर्यंत वाट होती, असें अकरांविरुद्ध चार मतांनीं ठरलें. फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांस ती नव्हती, हें आठांविरुद्ध सात मतांनीं. आणि मुलुखांत अंमल उलथला असतां भारतानें वाट अडविली त्यांत त्याचा दोष नाहीं, हें नऊांविरुद्ध सहा मतांनीं. ज्या राज्यास आपल्याच मुलुखांत शिपाई पाठविण्याचा हक्क नाहीं तें तेथें किती सार्वभौम, हा प्रश्न निकाल वाचणारास पडतोच. न्यायालयाकडून अधिक अपेक्षा करणेंही योग्य नव्हतें. त्याच्या नियमांप्रमाणें त्याच्यापुढें पक्षकार म्हणून उभें राहण्याचा अधिकार फक्त राज्यांस आहे. वारल्याचें तेथें काम नाहीं.

जें न्यायालयास करितां येत नव्हतें तें त्याच वर्षअखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें केलें. १४ डिसेंबर १९६० च्या ठरावानें वसाहतीचें राज्य हेंच मूळ तत्त्वाविरुद्ध ठरविलें, आणि दुसऱ्याच दिवशीं गोव्यासह सर्व पोर्तुगीज ‘प्रांत’ हे स्वराज्य नसलेले मुलूख आहेत असें नांवनिशीवार सांगितलें. पुढें वर्षभरानें, १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजीं, गोवें, दमण व दीव मुक्त झालें. सुरक्षा समितींत भारताविरुद्ध सात मतें पडलीं आणि रशियाच्या नकाराधिकारानें ठराव पडला, हें खरें. आणि शस्त्राविना काम झालें असतें तर आम्हांस अधिक समाधान झालें असतें, हेंही खरें. पण साडेचारशें वर्षांचा कब्जा हाच हक्क, हा जुना युक्तिवाद त्या दिवसांनंतर पुन्हां कोणीं छाती काढून केला नाहीं. खुद्द पोर्तुगालनें, स्वतःच्या हुकूमशाहीचें जोखड फेंकून दिल्यावर, १९७४ च्या अखेरीस तहानें भारताचा हक्क मान्य केला. स्वतःच्या प्रजेस स्वातंत्र्य दिलें तेव्हांच त्यास दुसऱ्याचें दिसूं लागलें.

येथवरचा प्रवास वाचकांस आवडेल. पुढील दोन शब्द कदाचित् आवडणार नाहींत. १९४६ सालीं, स्वतंत्र होण्यापूर्वींच, हिंदुस्थाननें दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाचें गाऱ्हाणें महासभेपुढें नेलें. जनरल स्मट्स यांचें उत्तर तयार होतें: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, राष्ट्रसंघाच्या सनदेचें दुसरें कलम पाहा. विजयालक्ष्मी पंडित यांच्या शिष्टमंडळानें हें उत्तर मानलें नाहीं, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजीं बत्तिसांविरुद्ध पंधरा मतांनीं महासभेनेंही मानलें नाहीं. मनुष्याच्या हक्कांपुढें ‘आमच्या घरचें काम’ हें उत्तर पुरें पडत नाहीं, हें तत्त्व त्या नव्या सभेंत प्रथम मांडून जिंकणारांत आमचाच देश होता. आज आमच्या तुरुंगांविषयीं, आमच्या अल्पसंख्यांविषयीं, एखाद्या प्रांतांत महिनोन् महिने बंद राहिलेल्या तारायंत्रांविषयीं बाहेरून कोणीं विचारलें कीं आमच्या अधिकाऱ्यांच्या तोंडीं स्मट्ससाहेबांचें उत्तर येतें, तेव्हां आम्हांस लाज वाटते.

बलाढ्य राष्ट्रें दुर्बळांच्या रक्षणाचें निमित्त करून आपलें साधतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे व तो खोटा नाहीं. २००५ सालीं जगांतील राज्यप्रमुखांनीं एकत्र बसून मान्य केलें कीं, संहारापासून आपल्या प्रजेस वांचविणें हें प्रत्येक राज्याचें कर्तव्य आहे, आणि तें जेथें उघड उघड मोडलें जाईल तेथें सुरक्षा समितीमार्फत इतरांनीं पुढें व्हावें. सहाच वर्षांनीं लीबियांत याच तत्त्वाच्या आधारानें विमानें गेलीं, आणि रक्षणाचें काम राज्य उलथण्यांत संपलें. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला तो अगदींच अकारण नव्हे. परंतु वैद्य लबाड निघाला म्हणून रोग नाहींसा होत नाहीं. बाहेरच्यानें आंत येऊं नये असें ज्या सरकारास मनापासून वाटतें, त्यानें आंतल्यांस दाद मागण्याची वाट मोकळी ठेवावी; मग बाहेरच्यास निमित्त उरत नाहीं.

आंतल्यांचा विषय निघाला तेव्हां पुन्हां त्या दमणगंगेकांठच्या खेड्यांकडे वळूं. १९५४ पासून १९६१ पर्यंत तीं खेडीं प्रत्यक्षांत ना पोर्तुगालच्या हातीं होतीं, ना भारताच्या. सात वर्षें तेथील कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ सालीं विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठीं राज्याचा प्रमुख पाहिजे म्हणून बदलानी नांवाच्या भारतीय अधिकाऱ्यास एका दिवसापुरतें तेथील पंतप्रधान करण्यांत आलें. त्यांनीं सही केली, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजीं तो मुलूख केंद्रशासित प्रदेश झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव त्यास जोडण्यांत आले. या जोड प्रदेशास विधानसभा नाहीं. केंद्रानें नेमलेला प्रशासक कारभार पाहतो. लोकांचे दोन प्रतिनिधि लोकसभेंत बसतात. १९६३ पासून १९८७ पर्यंत दमण व दीव येथील मतदार गोव्याच्या विधानसभेवर आपलीं माणसें पाठवीत असत. गोवें राज्य झालें त्या दिवशीं तो हक्क गेला, आणि कोणीं त्याचा हिशेब मागितला नाहीं.

प्रदेश लहान आहे, खर्च परवडत नाहीं, असें उत्तर मिळेल. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें या दोन्ही भागांची मिळून लोकसंख्या पांच लाख शहाऐंशी हजार होती. त्याच वर्षीं सिक्कीमची सहा लाख दहा हजार. सिक्कीम पूर्ण राज्य आहे व त्यास बत्तीस सभासदांची विधानसभा आहे. चोवीस हजार माणसांच्या फरकावर एकीकडे राज्य आणि दुसरीकडे नेमलेला साहेब, हें गणित आम्हांस उमगत नाहीं. नगर हवेलींत निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. त्यांच्या जमिनी, त्यांचें जंगल, सिल्वासाभोंवतीं उठलेल्या कारखान्यांचें पाणी यांविषयीं कायदा करावयाचा तो दिल्लींत होतो. केंद्र सरकारनें या प्रदेशास निवडून आलेली विधानसभा द्यावी, आणि ती मिळेपर्यंत तेथील पंचायतींच्या संमतीवांचून जमिनीविषयींचा कोणताही नवा नियम लागू करूं नये, अशी आमची मागणी आहे. लोकसभेंत सिल्वासाहून गेलेल्या प्रतिनिधीनें ती येत्या अधिवेशनांत मांडावी, आणि महाराष्ट्र व गुजराथ येथील प्रतिनिधींनीं, शेजारधर्म म्हणून, तीस अनुमोदन द्यावें.